गर्भचित्रणाचे प्रकार आणि चित्र वाचण्याचा अधिकार : ग्लासगो ते कोल्हापूर

प्रस्तावना

गरोदरपणात श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या तपासणीला महाराष्ट्रात सरसकट 'सोनोग्राफी' म्हटले जाते. शहरापासून वाडीवस्तीपर्यंत हा शब्द इतका रुळला आहे की, त्याच्या पोटात अनेक भिन्न पद्धती सामावलेल्या आहेत याचे भान सहसा राहत नाही. केवळ प्रतिध्वनीची रेषा दाखवणारा ए-मोड, शरीराचा सपाट छेद दाखवणारा बी-मोड, हलते चित्र दाखवणारी रिअल-टाइम पद्धत, रक्तप्रवाहाची गती मोजणारा डॉपलर, योनिमार्गे केले जाणारे चित्रण आणि त्रिमितीय चित्रण हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. वैद्यकीय पाठ्यपुस्तके या प्रकारांची तुलना स्पष्टता, खर्च, लागणारा वेळ आणि सुरक्षितता या निकषांवर करतात, आणि ते योग्यच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक निकष लावून पाहता येतो : पडद्यावर जे उमटले ते कोणाला वाचता येत होते आणि वाचलेले कोणाला सांगितले गेले?

हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटेल. परंतु भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, गर्भचित्रणाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरलेला दिसतो. या तंत्राची जन्मभूमी असलेल्या स्कॉटलंडपासून सुरुवात करून ते महाराष्ट्रात आल्यावर त्याच्याभोवती जो कायदा उभा राहिला त्याच्यापर्यंतचा प्रवास प्रस्तुत लेखात या निकषावर तपासला आहे.

पाणबुडी, पोलाद आणि क्ष-किरण

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हा शोध पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजेव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकांचा उपयोग करून पाण्याखालील वस्तूंचा, म्हणजेच पाणबुड्यांचा, प्रतिध्वनीवरून वेध घेण्याचे तंत्र विकसित केले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हेच तत्त्व कारखान्यांत आले. ओतीव पोलादात किंवा जोडकामात आत दडलेली चीर शोधण्यासाठी ध्वनीची स्पंदने पाठवून परत येणारा प्रतिध्वनी पाहिला जाऊ लागला. वैद्यकात पहिला उल्लेखनीय प्रयत्न व्हिएन्नातील कार्ल ड्युसिक यांचा. त्यांनी १९४२ मध्ये मेंदूतील पोकळ्यांची चित्रे मिळवल्याचे जाहीर केले. त्या चित्रांतील आकार मुख्यतः कवटीच्या हाडामुळे उमटलेले होते, असे पुढे निष्पन्न झाले. चित्र दिसणे आणि ते बरोबर वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याची ही पहिली प्रचिती म्हणावी लागेल.

गर्भाशयाच्या आत पाहण्याचे तोपर्यंतचे एकमेव साधन क्ष-किरण हे होते. जुळी बालके, गर्भाची स्थिती किंवा मातेच्या ओटीपोटाचे माप यांसाठी गरोदर स्त्रियांचे क्ष-किरण चित्रण केले जाई. ब्रिटनमधील ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ मध्ये प्राथमिक आणि १९५८ मध्ये सविस्तर स्वरूपात असे दाखवून दिले की, ज्या बालकांवर जन्मापूर्वी क्ष-किरण पडले होते त्यांच्यात बालवयातील कर्करोगाचे प्रमाण अधिक होते. हा निष्कर्ष वैद्यकीय वर्तुळात सहजासहजी स्वीकारला गेला नाही. तथापि नेमक्या त्याच वर्षांत ग्लासगो येथे पर्यायी साधन आकार घेत होते.

ग्लासगो : रेषा आणि छेद

इयन डोनाल्ड (१९१०–१९८७) यांची १९५४ मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. युद्धकाळात ते ब्रिटिश हवाई दलात होते आणि रडार व सोनार या तंत्रांविषयी त्यांना कुतूहल होते. २१ जुलै १९५५ रोजी ते रेनफ्र्यू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बाष्पक बनवणाऱ्या कारखान्यात गेले. शस्त्रक्रियेने काढलेल्या गर्भाशयाच्या गाठी आणि बीजांडकोशातील द्रवाने भरलेली गाठ त्यांनी मोटारीतून सोबत नेली होती. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा एक तुकडा उपलब्ध करून दिला. धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राने घन गाठ आणि द्रवयुक्त गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे निरनिराळे दाखवले. प्रसूतिशास्त्रातील एका मोठ्या परिवर्तनाचा आरंभ बाष्पकाच्या कारखान्यात व्हावा, ही गोष्ट स्कॉटलंडच्या औद्योगिक इतिहासाला साजेशीच होती.

या पहिल्या टप्प्यातील पद्धत म्हणजे ए-मोड. तिच्यात चित्र असे काही नसतेच. पडद्यावर एक आडवी रेषा असते आणि जिथे जिथे ऊतींची सीमा लागते तिथे रेषेला उभा काटा फुटतो. काटा किती अंतरावर आहे त्यावरून खोली आणि त्याच्या उंचीवरून प्रतिध्वनीची तीव्रता कळते. गर्भाच्या डोक्याच्या दोन बाजूंचे दोन काटे ओळखून त्यांतील अंतर मोजता येई, आणि डोनाल्ड यांच्या गटाने ते मोजलेही. परंतु या रेषेत बाळ दिसणे कोणालाही शक्य नव्हते. ती वाचण्यासाठी प्रसूतितज्ज्ञाला अभियंत्याची सोबत लागे.

ही सोबत टॉम ब्राऊन या तरुण अभियंत्याच्या रूपाने मिळाली. केल्विन अँड ह्यूजेस या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या ब्राऊन यांनी डोनाल्ड यांच्या प्रयोगांविषयी ऐकले आणि १९५६ पासून ते या कामात ओढले गेले. रुग्णाच्या पोटावर शोधक फिरवीत त्याची प्रत्येक क्षणाची जागा नोंदवायची आणि सर्व प्रतिध्वनी प्रकाशबिंदूंच्या रूपात एकत्र मांडायचे, अशी रचना त्यांनी केली. हाच बी-मोड. तत्पूर्वी अमेरिकेतील संशोधकांना रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवावे लागे. ब्राऊन यांच्या यंत्रात शोधक थेट त्वचेवर टेकवला जाई आणि मध्ये हवा राहू नये म्हणून पोटाला ऑलिव्हचे तेल लावले जाई. आज तपासणीपूर्वी पोटावर जो थंड जेल लावला जातो त्याचे मूळ या तेलात आहे.

डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा निबंध ७ जून १९५८ रोजी 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा विषय गर्भारपणापुरता मर्यादित नव्हता, पोटातील गाठींचे निदान हा होता. त्यातील एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध आहे. एका स्त्रीला जठराचा असाध्य कर्करोग असून पोटात पाणी झाले आहे, असे निदान झाले होते. यंत्राने मात्र पोटात मोकळे पाणी नसून एकच प्रचंड द्रवयुक्त गाठ असल्याचे सुचवले. शस्त्रक्रियेने बीजांडकोशाची ती गाठ काढण्यात आली आणि रुग्ण बरी झाली. डॉक्टरांचा हात आणि यंत्राचे चित्र यांत मतभेद झाला असता चित्रही खरे ठरू शकते, हे या प्रसंगाने सिद्ध केले. स्पर्शावर आणि अनुभवावर उभ्या असलेल्या प्रसूतिशास्त्राला ही बाब पचनी पडण्यास वेळ लागला.

तरीही १९६० च्या दशकातील बी-मोडची चित्रे सामान्य माणसाला अगम्यच होती. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके आणि रेषा. मधल्या छटा नाहीत. एक छेद तयार होण्यास वेळ लागे आणि तेवढ्यात गर्भ हलला तर चित्र पुसट होई. चित्र उमटत असताना ते डॉक्टरांच्या मनातही उमटावे लागे. याच काळात स्ट्युअर्ट कॅम्पबेल यांनी ए-मोड आणि बी-मोड यांचा एकत्रित वापर करून गर्भाच्या डोक्याचे माप घेण्याची सुधारित पद्धत १९६८ मध्ये मांडली. ग्लासगोतील ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये पहिल्या तीन महिन्यांतील गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून गर्भवय ठरवण्याची रीत दिली. ही रीत सुमारे पाच दिवसांच्या फरकाने वय सांगू शकत असे. शेवटच्या पाळीची तारीख सणावरून, बाजाराच्या दिवसावरून किंवा एखाद्या लग्नावरून आठवावी लागते अशा समाजात या साध्या मापाचे मोल किती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. या तंत्राच्या सर्व प्रकारांत मातांना सर्वाधिक उपयोगी पडलेली गोष्ट कोणती, असा प्रश्न विचारल्यास गर्भवयाचे हे अचूक मापन हेच उत्तर द्यावे लागेल. मात्र प्रसिद्धी नेहमी अधिक देखण्या चित्रांना मिळत आली.

हलते चित्र आणि त्याचे नवे वाचक

१९६० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतील सीमेन्स कंपनीने व्हिडोसन हे यंत्र तयार केले. सेकंदाला सुमारे पंधरा चित्रे या वेगाने ते गर्भाची हालचाल दाखवीत असे. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज कोसॉफ आणि विल्यम गॅरेट यांनी १९७० च्या आसपास प्रतिध्वनीच्या तीव्रतेनुसार करड्या रंगाच्या छटा दाखवण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे ठिपक्यांच्या जागी ऊतींचा पोत दिसू लागला. पुढे अनेक स्फटिक एका ओळीत बसवलेले शोधक आले, यंत्र लहान व स्वस्त होत गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रिअल-टाइम पद्धतीने स्थिर बी-मोडला झपाट्याने मागे टाकले.

तांत्रिक दृष्ट्या हा बदल वेगाचा होता. सामाजिक दृष्ट्या वाचकांचा होता. आता पडद्यावर हात हलताना, हृदय धडधडताना दिसू लागले. गरोदर स्त्रीला आणि तिच्या सोबत आलेल्यांना, कोणीतरी बोट दाखवून सांगितले की, ते ओळखता येऊ लागले. त्याचबरोबर यंत्र चालवणाऱ्याचे स्वरूपही पालटले. जे वाचन विद्यापीठाच्या रुग्णालयात प्राध्यापक आणि अभियंता मिळून करीत होते, ते अल्प प्रशिक्षण घेतलेला एकटा डॉक्टर छोट्या दवाखान्यात करू लागला. ज्ञानाच्या प्रसाराचा हा एरवी स्वागतार्ह मार्ग होता.

डॉपलर आणि त्रिमिती

डॉपलर तत्त्वाचा वैद्यकीय वापर जपानमधील शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात सुरू केला. गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकण्यासाठी १९६० च्या दशकात तो वापरला जाऊ लागला आणि १९७७ मध्ये डब्लिन येथे नाळेतील रक्तप्रवाहाचे मापन झाले. येथे आकार दुय्यम असतो. वारेतून बाळाला पुरेसे रक्त मिळते की नाही, हे आलेखाच्या लाटेवरून ठरवले जाते. वाढ खुंटलेल्या बाळाला कधी जन्माला आणायचे, हा प्रसूतिशास्त्रातील एक अतिशय कठीण निर्णय आहे आणि तो घेण्यास हा आलेख मदत करतो. जोखमीच्या गर्भारपणात नाळेच्या डॉपलर तपासणीमुळे जन्माच्या आसपास होणारे बालमृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आले आहे. जोखीम नसलेल्या गर्भारपणात असा लाभ आढळत नाही. याच्या तुलनेत अमेरिकेतील १५,१५१ स्त्रियांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सरसकट केलेल्या साध्या द्विमितीय तपासण्यांमुळे नवजातांच्या आरोग्यात सुधारणा दिसून आली नाही. अर्थात त्या चाचणीतील स्त्रियांना इतर सर्व सेवा उपलब्ध होत्या, हे ध्यानात घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांपूर्वी एक तपासणी करावी अशी शिफारस केली, ती गर्भवय, जुळे आणि व्यंग यांच्या निदानाचा विचार करूनच.

योनिमार्गे केले जाणारे चित्रण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रूढ झाले. शोधक गर्भाशयाच्या निकट जात असल्याने अगदी सुरुवातीचा गर्भ आणि गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ त्यात लवकर ओळखता येतो. त्रिमितीय चित्राचे प्रयोग जपानमधील काझुनोरी बाबा यांनी १९८० च्या दशकात केले. दुभंगलेला ओठ यांसारख्या काही व्यंगांत ते उपयुक्त आहे. एरवी त्याचे आकर्षण बाळाचा चेहरा दिसण्यात आहे. वाचकाला कोणत्याही प्रशिक्षणाची गरज न उरलेला हा पहिला प्रकार होय. गर्भलिंगनिदानाच्या चर्चेत अनेकदा त्रिमितीय यंत्राकडे बोट दाखवले जाते, तो मात्र गैरसमज आहे. त्या कामाला साधे द्विमितीय यंत्र पुरेसे होते आणि प्रत्यक्षात तेच वापरले गेले.

डोनाल्ड यांची अपेक्षा

भारताकडे वळण्यापूर्वी एका विरोधाभासाची नोंद आवश्यक आहे. इयन डोनाल्ड हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याचे कडवे विरोधक होते. गर्भपाताचा विचार करणाऱ्या स्त्रीला पडद्यावरचे हलणारे बाळ दाखवले तर तिचे मन पालटेल, असा त्यांचा विश्वास होता आणि ते तसे करीतही. चित्र पाहणाऱ्याच्या मनात ममता निर्माण करते, हे त्यांनी गृहीतच धरले होते. दुसरीकडे, स्ट्युअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मेंदूची कवटी तयारच न झालेल्या गर्भाचे निदान चित्रावरून केले आणि त्यानंतर गर्भपात करण्यात आला. म्हणजे तंत्राच्या मायदेशातच, पहिल्या सुमारे दीड दशकात, एकाच चित्रातून दोन विरुद्ध निर्णय निघू लागले होते. चित्र स्वतः काहीच आज्ञा करीत नाही. ते पाहणाऱ्याच्या घरात मुलगी आणि मुलगा यांना कोणते स्थान आहे, त्यावर पुढचे ठरते, याचा प्रत्यय महाराष्ट्राने दिला.

सुईकडून पडद्याकडे

भारतात गर्भलिंगनिदानाची सुरुवात सोनोग्राफीने झाली नाही. वैद्यकीय गर्भपाताचा १९७१ चा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास गर्भजल परीक्षण देशात आले. गर्भाशयात सुई घालून पाणी काढायचे, त्यातील पेशी वाढवायच्या आणि गुणसूत्रे तपासायची, ही मूळची अनुवंशिक व्यंगांसाठी असलेली चाचणी होती. तिचा उपयोग मुलीचा गर्भ ओळखण्यासाठी होऊ लागल्याचे दिसताच केंद्र सरकारने त्याच दशकाच्या उत्तरार्धात सरकारी रुग्णालयांत त्यास मनाई केली. परिणामी व्यवहार खासगी दवाखान्यांत गेला. हुंड्याच्या खर्चाशी चाचणीच्या खर्चाची तुलना करणाऱ्या जाहिराती उघडपणे झळकू लागल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एका पाहणीत ४२ जण लिंगनिदानासाठी ही चाचणी करीत असल्याचे आढळले.

याविरुद्ध मुंबईत स्त्रीवादी कार्यकर्त्या, डॉक्टर, वकील आणि शास्त्रज्ञ एकत्र आले. 'फोरम अगेन्स्ट सेक्स डिटरमिनेशन अँड सेक्स प्री-सिलेक्शन' या मंचाने सभा, पथनाट्ये आणि निवेदने या मार्गांनी प्रश्न लावून धरला. त्याचे फलित म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा केला. या कायद्याचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे. परंतु ज्या काळात तो घडला त्या काळातील दोषी साधन सुई हे होते. गर्भजल परीक्षणाला प्रयोगशाळा लागे, निकालाला आठवडे लागत आणि कागदावर पुरावा राही. कायद्याच्या नजरेसमोर हेच चित्र होते, आणि त्याच सुमारास रिअल-टाइम यंत्रे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी पोहोचत होती. त्यांना ना प्रयोगशाळा लागे, ना सुई. निकाल तत्काळ मिळे आणि तो कागदावर उतरवण्याची गरजच नसे.

२० सप्टेंबर १९९४ रोजी संमत झालेल्या आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आलेल्या केंद्रीय कायद्यात सोनोग्राफीचा उल्लेख आहे; तरी त्याची मांडणी अनुवंशिक समुपदेशन केंद्र, अनुवंशिक प्रयोगशाळा आणि अनुवंशिक दवाखाना या त्रयीभोवतीच आहे. तालुक्याच्या गावातील डॉक्टर आपला दवाखाना 'अनुवंशिक' कसा मानणार? कायदा बरीच वर्षे कागदावर राहिला. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ मध्ये ती ८३९ होती. बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ असलेला आकडा २०११ मध्ये ८०७ वर आला. दवाखान्यांची आणि पैशाची वर्दळ कमी असलेल्या गडचिरोलीत २००१ मध्ये तो ९६६ होता. ऊसपट्टा, सिंचन, रस्ते आणि शिक्षण यांनी समृद्ध झालेल्या शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मुली सर्वाधिक वेगाने कमी व्हाव्यात, याचा अर्थ लावणे महाराष्ट्राच्या प्रबोधनपरंपरेला आजही अवघड जाते.

कायद्याने शब्द पकडला

मुंबईची 'सेहत' ही संशोधन संस्था, पुण्याची 'मासूम' ही संघटना आणि साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ४ मे २००१ रोजी न्यायालयाने केंद्र व राज्य सरकारांना अंमलबजावणीचे सविस्तर निर्देश दिले. पुढील सुनावण्यांत यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून खरेदीदारांची माहितीही मागवण्यात आली. यंत्रांची मोजदाद खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली. कायद्यात दुरुस्ती होऊन तो १४ फेब्रुवारी २००३ पासून नव्या नावाने लागू झाला. 'अनुवंशिक दवाखाना' या संज्ञेत आता सोनोग्राफी यंत्र असलेले वाहनसुद्धा समाविष्ट झाले. म्हणजे सुईसाठी बेतलेला अंगरखा पडद्यासाठी उसवून पुन्हा शिवण्यात आला.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, सोनोग्राफी करण्यास तो मनाई करीत नाही. कोणत्या प्रकारची करावी हेही सांगत नाही. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे गरोदर स्त्रीला, तिच्या नातेवाइकांना वा अन्य कोणालाही कळवण्यास कलम ५ मध्ये मनाई आहे. चित्र पाहण्याचा अधिकार डॉक्टरांकडे राहिला, वाचून दाखवण्याचा अधिकार काढून घेतला गेला. 'खुणेने' हा शब्द विधिज्ञांना पुढचा काळ दिसत होता याची साक्ष देतो. अहवाल सोमवारी न्यावा की शुक्रवारी, पेढे आणावेत की बर्फी, सही कोणत्या शाईत आहे, अशा संकेतांचे उल्लेख कार्यकर्त्यांच्या कथनांत आणि वृत्तपत्रांत वारंवार आले आहेत. मुलाच्या जन्माला पेढे आणि मुलीच्या जन्माला बर्फी किंवा जिलेबी वाटण्याची जी हौशी रीत घराघरात होती, तिच्यातूनच ही सांकेतिक भाषा घडली.

शब्द पकडायचा तर पुरावा कोठून आणायचा, ही या कायद्याची खरी अडचण. तिच्यावर दोन उपाय झाले. पहिला कोल्हापुरात. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख (जे पुढे २०१८ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले) यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण जोडण्यात आले. तपासणीची चित्रफीत त्यात साठते. रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा उपस्थित करून त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०११ रोजी ते फेटाळले. या उपकरणामुळे दहशत निर्माण झाली आणि तिचा उपयोगही झाला असेल. तरीही ते चित्र नोंदवते, आणि गुन्हा चित्रात नसून उच्चारात आहे. कोणत्या भागावर शोधक किती वेळ थांबला हे चित्रफीत सांगू शकते. दाराबाहेर उभ्या असलेल्या सासूला काय सांगितले गेले, हे तिला कळत नाही.

दुसरा उपाय अधिक रूक्ष आणि अधिक परिणामकारक ठरला. तो म्हणजे 'फॉर्म एफ'. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीची नोंद त्यात करावी लागते : तिचा पत्ता, तपासणीचे कारण, हयात मुलगे किती, मुली किती, त्यांची वये. एखाद्या केंद्रात केवळ मुलीच असलेल्या स्त्रियांची पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्दी होत असेल, तर ती या रकान्यांत उमटते. नोंदीतील त्रुटी म्हणजेच कायद्याचा भंग, असे गृहीतक दुरुस्तीने आणले. प्रामाणिक डॉक्टरला लेखनदोषासाठी गुन्हेगार ठरवले जाते, अशी तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केली. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ती अमान्य केली. संघटनेच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण कागदावरची चूक आणि अपराध यांतील अंतर नेहमीच मोठे असते. पण हा कागद वगळला तर कायद्याच्या हाती दुसरे काय उरते, या प्रश्नाला संघटनेकडेही समाधानकारक उत्तर नव्हते.

या कडेकोट व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, याकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. २०१२ च्या नियमांनी सहज हलवता येणारी यंत्रे नोंदणीकृत केंद्रातील दाखल रुग्णांपुरती आणि आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकांपुरती मर्यादित केली. बॅग उचलून गावोगाव लिंगनिदान करणाऱ्यांना रोखण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु मेळघाटातील किंवा भामरागडमधील अवघडलेल्या स्त्रीला गर्भवय, जुळे, वारेची जागा आणि नाळेतील रक्तप्रवाह हे सर्व दाखवू शकणारे यंत्रही नेमके तेच आहे. ज्या भागात मुलींचे प्रमाण सर्वांत चांगले राहिले, त्या भागातील मातांपर्यंत या तंत्राचा खरा लाभ सर्वांत उशिरा पोहोचला. कोल्हापूर आणि बीड यांच्या अपराधासाठी बेतलेला नियम गडचिरोलीलाही तसाच लागू झाला.

फॉर्म एफच्या अखेरीस दोन घोषणा असतात. डॉक्टर लिहून देतात की, त्यांनी गर्भाचे लिंग ओळखलेले नाही आणि कोणालाही कोणत्याही प्रकारे सांगितलेले नाही. यातील पहिला भाग विचार करण्याजोगा आहे. गर्भाच्या प्रत्येक अवयवाची तपासणी करणाऱ्या प्रशिक्षित नजरेने, पडद्यावरचा एक भाग आपण वाचलाच नाही असे प्रमाणित करावयाचे असते. दुसरी घोषणा स्त्रीची : गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही. तिच्याखाली सही किंवा अंगठा घेतला जातो. अंगठा असेल तर तिची ओळख देणाऱ्याचे नाव, वय आणि तिच्याशी असलेले नातेही नोंदवावे लागते. अनेक केंद्रांत पडदा तिच्या दिशेने वळवलेला नसतो.